न झालेल्या अरेनाचा अभ्यास कसा करायचा?

पेट परीक्षेची तयारी करणारे किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेले विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात: विषय आवडीचा आहे, पण आमच्या भागात त्याचं उदाहरणच नाही, मग काय करायचं? गेल्या महिन्यात रोह्याच्या एका विद्यार्थ्याने हेच विचारलं. त्याचा विषय होता शहरांमधले ई-स्पोर्ट्स अरेना, त्यांचे आराखडे आणि त्यांना होणारा उशीर. पेण आणि रोहा हे दोन तालुके त्याला अभ्यासक्षेत्र म्हणून घ्यायचे होते. आता अडचण अशी की या दोन्ही ठिकाणी ई-स्पोर्ट्स अरेना नाही. गाईड म्हणाले, विषय बदल. माझं मत वेगळं आहे. विषय चांगला आहे, फक्त प्रश्न नीट मांडायला हवा. तो कसा मांडायचा, हे या लेखात बघू.

आधी वस्तू काय आहे ते थोडक्यात. ई-स्पोर्ट्स अरेना म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा प्रेक्षकांसमोर घेण्याची जागा. मधे स्टेज, दोन टीमचे कॉम्प्युटर किंवा मोबाइल, वर मोठे स्क्रीन, मागे प्रक्षेपणाची कंट्रोल रूम. लाइट जाऊन चालत नाही, नेट अडकून चालत नाही. मैदान लागत नाही, छत लागतं. हॉलमध्ये प्रेक्षक हजार-दोन हजार असतात, खरी गर्दी घरी मोबाइलवर बघत असते. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

भारतात डिसेंबर 2022 मध्ये ई-स्पोर्ट्सची जबाबदारी केंद्राच्या क्रीडा विभागाकडे आली. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे गेम एका बाजूला आणि ई-स्पोर्ट्स दुसऱ्या बाजूला अशी रेघ ओढली. त्यामुळे 'हा जुगार आहे की खेळ' हा वाद निदान कागदावर तरी मागे पडला. पण मान्यता मिळाली म्हणजे इमारत मिळाली असं होत नाही. एप्रिल 2019 मध्ये मुंबईत 'ईएसएल वन' ही डोटा 2 ची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, ती वरळीच्या एनएससीआय डोममध्ये. म्हणजे दुसऱ्या कामासाठी बांधलेला हॉल काही दिवस भाड्याने घेतला, स्पर्धा झाली, सामान आवरलं.

आता जगात काय झालं ते बघा, कारण विषयाचा गाभा तिथे दिसतो.

अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या आर्लिंग्टन शहराने मार्च 2018 मध्ये ई-स्पोर्ट्स स्टेडियम जाहीर केलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते सुरू झालं. खर्च सुमारे 1 कोटी डॉलर. इतक्या लवकर कसं? कारण नवीन काही बांधलंच नाही. शहराच्या मालकीचं जुनं कन्व्हेन्शन सेंटर होतं, ते आतून बदललं. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात 'फ्यूजन अरेना' जाहीर झाला. 5 कोटी डॉलर, 3,500 आसनं, खास ई-स्पोर्ट्ससाठी नवी कोरी इमारत, 2021 मध्ये उद्घाटन. सप्टेंबर 2019 मध्ये भूमिपूजनही झालं. अरेना मात्र उभा राहिला नाही. मधे कोविड आला. ज्या ओव्हरवॉच लीगमधल्या टीमसाठी तो बांधायचा होता, ती टीम दक्षिण कोरियाला गेली आणि 2023 नंतर लीगच बंद झाली. टोरांटोमध्ये फेब्रुवारी 2021 ला 50 कोटी कॅनेडियन डॉलरचा, 7,000 आसनांचा प्रकल्प जाहीर झाला, 2025 मध्ये सुरू होणार म्हणून. 2025 आलं आणि गेलं.

दक्षिण कोरिया तर या खेळाची पंढरी. तिथेही हेच चित्र. बुसानचा अरेना 2020 मध्ये सुरू झाला, एका तयार व्यापारी इमारतीच्या मजल्यांवर. ग्वांगजूचा एका विद्यापीठाच्या जुन्या सभागृहात. याउलट सोंगनाम शहराने 2019 मध्ये नव्या इमारतीची योजना हातात घेतली, खर्चाचा अंदाज वाढत गेला आणि शेवटी ती योजना रद्द झाली.

जुन्या हॉलमध्ये केलेले अरेना झाले, नवे बांधायचे ठरवलेले अडकले. मोजक्या उदाहरणांवरून नियम सांगता येत नाही, पण गृहीतक मांडता येतं. आणि त्यामागचं कारणही सुचतं. इमारतीचं घड्याळ आणि गेमचं घड्याळ वेगळ्या वेगाने चालतं. इमारत मंजूर होऊन उभी राहायला चार-पाच वर्षं लागतात आणि ती तीस-चाळीस वर्षं वापरायची असते. गेम एका खासगी कंपनीच्या मालकीचा असतो. कबड्डीचा मालक कुणी नाही, उद्या कुणी ती बंद करू शकत नाही. पबजी मोबाइलचं काय झालं ते आपण पाहिलंच आहे: 2 सप्टेंबर 2020 ला बंदी, जुलै 2021 मध्ये बीजीएमआय नावाने नवा अवतार, जुलै 2022 मध्ये तोही स्टोअरवरून गायब, मे 2023 मध्ये परत. समजा एखाद्या नगरपरिषदेने 2020 च्या उन्हाळ्यात या गेमच्या भरवशावर अरेनाचा ठराव केला असता, तर निविदा निघेपर्यंत गेम दोनदा गेला आणि दोनदा आला असता.

म्हणजे इथे उशीर हा फक्त ठेकेदाराच्या आळसाचा किंवा टेबलावर अडकलेल्या फाइलचा विषय राहत नाही. उशीर झाला की ज्यासाठी बांधायचं तेच नाहीसं होऊ शकतं. धरणाला उशीर झाला तरी पाणी लागणारच असतं. अरेनाचं तसं नाही.

आता पद्धतीकडे येऊ. खरं सांगायचं तर मला हा लेख लिहायचा होता तो या भागासाठी.

उशिरावरचा अभ्यास करताना बहुतेक जण पूर्ण झालेल्या प्रकल्पांची यादी घेतात, प्रत्येकाला किती वर्षं लागली ते लिहितात आणि सरासरी काढतात. हे चूक आहे, आणि का चूक आहे ते एका काल्पनिक उदाहरणाने बघू. समजा पाच शहरांनी अरेना जाहीर केला. 'क' शहरात तो 1 वर्षात झाला, 'ख' मध्ये 2 वर्षांत, 'ग' मध्ये 3 वर्षांत. 'घ' मध्ये घोषणेला 6 वर्षं झाली, काम अजून चालू आहे. 'च' मध्ये 4 वर्षांनी प्रकल्प रद्द झाला. झालेल्या तिघांची सरासरी 2 वर्षं. वर्तमानपत्रात बातमी येईल, 'अरेना बांधायला सरासरी दोन वर्षं'. पण पाचही शहरं धरली तर 2 वर्षं संपताना फक्त दोघांकडे अरेना होता. निम्म्याहून जास्त शहरांकडे तो यायला 3 वर्षं लागली, आणि उरलेल्या दोघांकडे आजही नाही.

'घ' शहराचं काय करायचं? त्याला 6 वर्षं लागली असं लिहिलं तर चूक, कारण काम संपलेलं नाही, 6 ही फक्त खालची मर्यादा आहे. त्याला यादीतून काढलं तर त्याहून मोठी चूक, कारण सगळ्यात रखडलेला प्रकल्पच आपण गाळला. संख्याशास्त्रात अशा नोंदीला 'सेन्सॉर्ड' नोंद म्हणतात. सेन्सॉर बोर्डाशी संबंध नाही. घटना आपल्या निरीक्षणाच्या खिडकीबाहेर राहिली, एवढाच अर्थ. ही अडचण आधी वैद्यकीय संशोधनात आली. रुग्ण किती वर्षं जगले हे मोजताना अभ्यास संपेपर्यंत जे जिवंत आहेत त्यांचं काय करायचं? कापलान आणि मायर यांनी 1958 मध्ये त्यासाठी जी पद्धत दिली, तीच आज रखडलेल्या इमारतींनाही लावता येते. आर किंवा पायथॉन येत असेल तर दहा ओळींचं काम आहे. येत नसेल तर कागदावरही जमतं, मी पहिल्यांदा कागदावरच केलं होतं.

'च' आणखी वेगळं. ते रद्द झालं. 'घ' कधीतरी पूर्ण होऊ शकतं, 'च' होणार नाही. दोघांना एकाच रकान्यात टाकलं तर आपण नकळत असं धरतो की रद्द झालेला प्रकल्पही थोडी वाट पाहिली असती तर पूर्ण झाला असता. यासाठी 'स्पर्धक जोखीम' नावाचा वेगळा हिशेब आहे: प्रकल्प दोन दारांनी बाहेर पडू शकतो, पूर्ण होऊन किंवा रद्द होऊन, आणि दोन्ही दारांवर वेगळी मोजणी ठेवायची. फिलाडेल्फिया आणि सोंगनाम दुसऱ्या दाराने गेले. फक्त पहिल्या दारावर उभं राहिलं तर ते कधी दिसलेच नसते.

डॅनियल कानेमान यांनी सांगितलेला एक किस्सा इथे फार उपयोगी आहे. 1970 च्या दशकात इस्रायलमध्ये ते शाळांसाठी एक पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्या गटात होते. सगळ्यांनी अंदाज लिहून दिले, साधारण दोन वर्षं. मग त्यांनी गटातल्या अनुभवी तज्ज्ञाला विचारलं, आपल्यासारख्या बाकीच्या गटांचं काय झालं? तो जरा थांबला आणि म्हणाला, सुमारे 40 टक्के गटांनी काम पुरंच केलं नाही, आणि ज्यांनी केलं त्यांना सात ते दहा वर्षं लागली. गंमत म्हणजे या तज्ज्ञाचा स्वतःचा अंदाजही दोनच्या आसपास होता. पुस्तक व्हायला आठ वर्षं लागली. कानेमान आणि ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये या प्रवृत्तीला 'प्लॅनिंग फॅलसी' हे नाव दिलं, आपण 'नियोजनाचा भ्रम' म्हणू. (सिनॉप्सिसमध्ये 'तीन वर्षांत प्रबंध सादर करेन' असं लिहिणाऱ्यांनी हा परिच्छेद परत वाचायला हरकत नाही.)

बेंट फ्ल्यूब्यर्ग या डॅनिश संशोधकाने पुढे हेच मोठ्या प्रमाणावर केलं. 16,000 हून जास्त प्रकल्पांच्या नोंदी जमवल्या. खर्च आणि वेळ दोन्ही पाळणारे प्रकल्प निघाले 8.5 टक्के. खर्च, वेळ आणि अपेक्षित फायदा, तिन्ही जमलेले अर्धा टक्का. त्याचा सल्ला साधा आहे. आपला प्रकल्प किती खास आहे याचा विचार नंतर करा, आधी त्याच्या जातीचे बाकीचे प्रकल्प कसे गेले ते बघा.

इथे रोह्याचा विद्यार्थी विचारेल, माझ्या प्रकल्पाची जात कोणती? उत्तर पेण-रोह्यातच आहे.

महाराष्ट्रात तालुका क्रीडा संकुलांची योजना आहे. प्रत्येक तालुक्यात एक, धावपट्टी, कबड्डी-खो-खोची मैदानं, शक्य तिथे इनडोअर हॉल. उद्या पेणमध्ये किंवा रोह्यात सरकारी पैशातून ई-स्पोर्ट्ससाठी जागा व्हायचीच असेल तर ती बहुधा याच वाटेने येईल, किंवा नगरपरिषदेच्या एखाद्या सभागृहातून. म्हणून तुलनेचा गट टोरांटो नाही. रायगड जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या क्रीडा संकुलांच्या फाइली हा तुलनेचा गट. 2009 च्या निर्णयाने तालुका संकुलाची अनुदान मर्यादा 1 कोटी रुपये होती, 2022 मध्ये ती 5 कोटी झाली. आर्लिंग्टनचा 'स्वस्तातला' अरेना तेव्हाच्या दराने 70 कोटी रुपयांच्या आसपास जातो. हे दोन आकडे शेजारी ठेवले की पेणमध्ये अरेना का नाही याचं निम्मं उत्तर मिळतं आणि त्यासाठी कुणाला दोष द्यावा लागत नाही.

पण मर्यादा वाढण्यात एक खोच आहे, आणि ती फाइल वाचल्याशिवाय कळत नाही. सरकारी बांधकामाचा प्रवास साधारण असा: प्रस्ताव, जागेचा ताबा, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यारंभ आदेश, काम, पूर्णत्वाचा दाखला. मधे दर वाढले किंवा अनुदान मर्यादा बदलली की सुधारित अंदाजपत्रक होतं आणि 'सुधारित प्रशासकीय मान्यता' मिळते. तिच्यात नवी तारीख आणि नवी मुदत असते. पुढच्या अहवालात उशीर या नव्या मुदतीपासून मोजला, तर आधीची वर्षं कागदावरून पुसली जातात. कागदोपत्री प्रकल्प वेळेवर, गावाच्या आठवणीत दहा वर्षं. दोन्ही खरं. म्हणून घड्याळ कुठून सुरू करायचं हा तांत्रिक तपशील समजू नका. घोषणेपासून मोजलं तर राजकारण्याकडे बोट जातं, मान्यतेपासून मोजलं तर खात्याकडे, कार्यारंभ आदेशापासून मोजलं तर ठेकेदाराकडे. तुमच्या प्रबंधातला एक रकाना कुणाला जबाबदार धरायचं ते ठरवत असतो. माझा सल्ला, सगळ्या तारखा वेगवेगळ्या रकान्यांत लिहा, एकच 'विलंब' काढू नका.

पेण-रोह्याच्या माणसाला हे समजावून सांगायची तशी गरज नाही. पनवेलजवळच्या पळस्प्यापासून इंदापूरपर्यंतच्या 84 किलोमीटर महामार्गाचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं, तो पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड असा आपल्या दारावरूनच जातो, आणि दहा वर्षं उलटली तरी काम संपलं नव्हतं. त्याच पट्ट्यात रोह्यापासून सुरू होणारी कोकण रेल्वे, सुमारे 740 किलोमीटर, बोगदे आणि पूल धरून 1990 ते 1998 मध्ये झाली. दोन्ही प्रकल्पांची जमीन, निधी, यंत्रणा वेगळी, त्यामुळे थेट तुलना करून टाळ्या मिळवू नका. पण 'कोकणात पाऊस जास्त म्हणून उशीर' असं कुणी म्हणालं तर दोन्हीवर पाऊस सारखाच पडतो, एवढं तरी म्हणता येतं.

आणि उशीर होऊच शकत नाही असं कामही पेणमध्येच बघायला मिळतं. हमरापूर, जोहे या गावांतल्या आणि पेण शहरातल्या गणपती कारखान्यांत. मूर्ती चतुर्थीनंतर दोन दिवसांनी तयार झाली तर तिला 'उशिरा झाली' म्हणत नाहीत, ती त्या वर्षापुरती गेलीच. तारीख पंचांगात आहे, ती कुणाला पुढे ढकलता येत नाही. म्हणून सगळं काम उलटं मोजलं जातं, चतुर्थीपासून मागे. मोठ्या क्रीडा स्पर्धांच्या इमारतींचंही असंच होतं. बालेवाडीचं क्रीडासंकुल 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं. हांगचौचं ई-स्पोर्ट्स केंद्र आशियाई स्पर्धांसाठी, जिथे 2023 मध्ये ई-स्पोर्ट्सला पहिल्यांदा पदकं मिळाली. पण इथेही किंमत मोजावी लागते. ऑक्सफर्डच्या अभ्यासात 1960 नंतरच्या ज्या ज्या ऑलिम्पिकचे आकडे मिळाले, ती सगळी अंदाजपत्रकाबाहेर गेली. तारीख हलत नाही तेव्हा पैसा हलतो. मग तुमच्या तक्त्यात आणखी एक रकाना: बाहेरून ठरलेली, न हलणारी तारीख होती का? गावच्या अरेनाला अशी चतुर्थी नसते, आणि तो रखडण्याचं हे एक मोठं कारण असू शकतं. तपासून बघण्यासारखं आहे.

एक गोष्ट राहिली, ती सगळ्यात अवघड. आपण 'विलंब' हा शब्द वापरतो तेव्हा प्रकल्प व्हायला हवा होता असं आधीच धरलेलं असतं. पेण तालुक्यात हे गृहीत धरून चालणार नाही. महामुंबई सेझसाठी पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतली जमीन घ्यायची होती. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या पेणच्या 22 गावांमध्ये 21 सप्टेंबर 2008 ला शेतकऱ्यांचं जनमत घेतलं गेलं. भूसंपादन पूर्ण झालं नाही, सेझ झाला नाही. कंपनीच्या तक्त्यात ती 'रखडलेल्या प्रकल्पा'ची नोंद असेल. ज्याची भातशेती राहिली त्याच्या लेखी त्या नोंदीचं नाव वेगळं आहे. आज उरण, पनवेल, पेण तालुक्यांतली 124 गावं एमएमआरडीएच्या नव्या नगराच्या आराखड्यात आहेत. अशा आराखड्यांत क्रीडानगरी, अरेना हे शब्द सहज येतात. तेव्हा मुलाखतींच्या प्रश्नावलीत 'उशीर का झाला?' याच्या आधी 'हे कुणाला हवं होतं?' हा प्रश्न घाला, आणि तो बीजीएमआय खेळणाऱ्या मुलांनाही विचारा. त्यांना हजार खुर्च्यांचा हॉल हवा आहे, की न तुटणारं नेट आणि बसायला एक खोली? मला वाटतं उत्तर दुसरं येईल, पण हे माझं वाटणं आहे, डेटा नाही.

तर रोह्याच्या मित्रासाठी सुधारलेला प्रश्न असा: 'रायगड जिल्ह्यात 2009 ते 2024 या काळात मान्यता मिळालेल्या सार्वजनिक क्रीडा इमारती कोणत्या टप्प्यावर थांबल्या, किती पूर्ण झाल्या, किती सोडून दिल्या, आणि जुनी इमारत वापरल्याने फरक पडला का?' अरेना हा त्यातला शेवटचा अध्याय होईल. डेटासाठी पहिला अर्ज अलिबागच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात, दुसरा पेण नगरपरिषदेत, तिसरा रोहा अष्टमी नगरपरिषदेत. माहिती अधिकाराच्या अर्जाची फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. अर्जात 'विलंबाची कारणे कळवावीत' असं लिहू नका, कारण कारणं ही नोंद नसते आणि त्यावर सहज नकार येतो. 'प्रशासकीय मान्यता, सुधारित प्रशासकीय मान्यता आणि कार्यारंभ आदेश यांच्या प्रती द्याव्यात' असं लिहा. रद्द झालेल्या कामांच्या फाइली वेगळ्या मागा, कारण 'कामांची यादी' मागितली की बहुतेक वेळा चालू आणि पूर्ण कामांचीच यादी येते.